एकाच गच्चीवरची दोन यंत्रं

अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलांची रांग संपते तिथे एक दुमजली, बिनखिडक्यांची इमारत आहे. सुरुवातीला आजूबाजूचे लोक तिला कोल्ड स्टोरेज समजायचे. गच्चीवर मोठाले पंखे फिरत, भिंतीतून जाड पाइप आत गेलेले, आणि दार उघडलं की गार हवेचा झोत पार रस्त्यापर्यंत येई. पण मालाचा ट्रक काही कधी दाराशी लागला नाही. तेव्हा कुणीतरी चौकशी केली आणि कळलं की आत माल नाही, सर्व्हर आहेत. दिवसरात्र चालणारे आणि चालता चालता शेगडीसारखे तापणारे संगणक. त्यांना गार ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप. चार गिऱ्हाइकांची माहिती तिथे ठेवलेली होती: हॉस्पिटलांचा एक गट, शहरातली एक रक्तपेढी, अमरावतीचं एक कॉलेज आणि वरूडच्या संत्रा बागायतदारांचा संघ.

हा खटाटोप दोघांनी मिळून आखला होता, प्रियदर्शनी तायडे आणि शाकीब. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते एका वर्गात होते. पुढे ती पुण्याला गेली, तो आखातात; आणि चाळिशी जवळ आल्यावर दोघांनीही परत येऊन गाडगेनगरात दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. ऑपरेशन थिएटरं, औषधांची गोदामं, संत्र्यांची शीतगृहं, जिथे थंडावा लागतो तिथलं काम ते करत. शाकीब मूळचा बाळापूरचा. त्याच्या घरी पत्र्याचे कुलर बनवायचा धंदा होता, त्यामुळे गारव्याचं गणित त्याला पुस्तकाआधीच हाताने कळलेलं होतं. प्रियदर्शनी त्याच्यापेक्षा सावध. कुठलंही यंत्र पाहिलं की ते कसं चालतं याच्याआधी ते कसं बंद पडेल हा विचार तिच्या डोक्यात येई.

सर्व्हरचं काम दोघांचंही पहिलंच. त्यांनी गच्चीवर पाणी गार करणारी दोन यंत्रं बसवली, ज्यांना चिलर म्हणतात. एक चालायचं, दुसरं राखीव. पहिलं थांबलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं. सरकारी वीज गेली तर खाली जनरेटर होता. कामाची वाटणीही सरळ होती. चिलर आणि पाइप शाकीबकडे. वीज आणि जनरेटर प्रियदर्शनीकडे. इमारतीच्या पूर्वेला दालमिलमधल्या मजुरांची घरं होती, त्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून तिने जनरेटर पश्चिमेच्या भिंतीला लावला. जानेवारीत सगळं तपासून झालं. एक चिलर मुद्दाम बंद करून पाहिलं, दुसरं सुरू झालं. वीज तोडून पाहिली, जनरेटर चालला. सेंटरचे व्यवस्थापक महादेवराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले आणि चारही गिऱ्हाइकांना कळवून टाकलं की तुमचं काम आता कधी बंद पडणार नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रियदर्शनी नेहमीच्या पाहणीसाठी अकोल्याला गेली होती. अकोल्याचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. डांबर पायाला चिकटतं आणि पश्चिमेकडून वारा येतो तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. जेवण उरकून ती आणि महादेवराव आतल्या खोलीत बसले होते, तेवढ्यात वीज गेली. दिवे क्षणभर मिटले आणि लागले. जनरेटर सुरू झाल्याचा आवाज भिंतीतून आला. महादेवराव समाधानाने हसले. प्रियदर्शनीलाही बरं वाटलं, कारण सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं.

थोड्या वेळाने श्रावण धावत आला. श्रावण म्हणजे त्या पाळीचा ऑपरेटर, हिवरखेडचा, बोलायला शांत माणूस. पहिलं चिलर थांबलं होतं. दुसरं सुरू झालं, असंही त्यानेच सांगितलं. पण तो दारातून हलला नाही. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीवर गच्चीवरून कुणीतरी बोलत होतं, आणि मग त्याने सांगितलं की दुसरंही थांबलं.

बाहेरच्या कुणालाही वाटलं असतं की यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. दिवे चालू होते, सर्व्हर चालू होते, कुठे काही अडलं नव्हतं. पण धोका तोच होता. वीज पूर्णच गेली असती तर सर्व्हरही थांबले असते आणि तापायचेही थांबले असते. आता जनरेटर त्यांना इमानेइतबारे वीज पुरवत होता, ते पूर्ण जोरात तापत होते आणि तो ताप बाहेर काढणारं काहीच उरलं नव्हतं. खोलीचा पारा डोळ्यांदेखत चढू लागला. एका मर्यादेपलीकडे गेला की सर्व्हर स्वतःला वाचवायला आपसूक बंद पडतात. कोणता आधी, कोणता मध्येच काही लिहिता लिहिता, याचा भरवसा नाही. असं बंद पडलेलं मग जसंच्या तसं उघडेल, याचाही नाही.

प्रियदर्शनी जिना चढून गच्चीवर गेली. दार उघडल्याबरोबर तिच्या तोंडावर हवा आली ती उन्हाची नव्हती. तिला डिझेलचा वास होता. ती पश्चिमेच्या कठड्याशी गेली आणि खाली वाकून पाहिलं. जनरेटरमधून निघणारी तापलेली हवा भिंतीवर आदळत होती, पश्चिमेचा वारा तिला भिंतीला दाबून वर ढकलत होता, आणि कठड्यावरून ती सरळ चिलरांच्या तोंडात जात होती. बाहेरची हवा आत ओढूनच चिलर आपला ताप टाकतं. त्याला मिळत होती जनरेटरची हवा. पहिल्याचा दम कोंडला आणि ते थांबलं. दुसरं त्याच्या शेजारीच होतं, त्याच हवेत.

ती खाली आली तेव्हा महादेवराव फोनवर सेंटरच्या नागपूरमधल्या मालकांशी बोलायचा प्रयत्न करत होते. फोन लागत नव्हता. काही सर्व्हर हातानेच बंद करावे लागतील, असं तिने सांगितलं. ताप कमी झाला तर एखादं चिलर सावरेल. शिवाय बाहेर पाण्याचा टँकर उभा आहे, त्याची नळी गच्चीवर नेऊन चिलरांच्या जाळ्यांवर पाणी मारायचं. श्रावणने माणसं पाठवलीसुद्धा. पण बंद कोणते करायचे, या प्रश्नावर सगळे थांबले.

"सगळ्यांले मी एकच सांगतलं हाय म्याडम," महादेवराव म्हणाले, "का तुमचं कधी बंद पडनार नाही. आता त्यातून कोनाचं निवडू मी?"

प्रियदर्शनीला तेव्हा कळलं की आपण आणि शाकीबने पाइपांचा, तारांचा, झडपांचा विचार केला. सगळं वाचवता आलं नाही तर आधी काय सोडायचं, याचा मात्र कुणीच केला नव्हता. तिच्यासमोर चार रांगा होत्या, सारख्या काळ्या, सारखे हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या. एका रांगेत रक्तपेढी होती, एकीत हॉस्पिटलं. उरलेल्या दोन्हींबद्दल तिला नावापलीकडे काही माहीत नव्हतं.

"कॉलेजचं बंद करा," ती श्रावणला म्हणाली. "मग वरूडचं."

"त्याईले काय सांगू मी?" महादेवरावांनी विचारलं.

"माझं नाव सांगा."

दोन रांगा विझल्या. गच्चीवर टँकरचं पाणी जाळ्यांवर पडून वाफ होत होतं. जनरेटरच्या तोंडाशी श्रावणने दोन माणसांकडून पत्रे धरवले आणि हवेचा झोत रस्त्याकडे वळवला. बऱ्याच वेळाने एक चिलर घरघरत सुरू झालं आणि या वेळी सुरू राहिलं. पारा चढायचा थांबला. मग अगदी सावकाश खाली आला. संध्याकाळच्या सुमारास वीज आली तेव्हा प्रियदर्शनी जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. ओढणी घामाने आणि टँकरच्या पाण्याने चिंब झाली होती. कुणाचीही माहिती गेली नव्हती. तरी तिला सुटल्यासारखं वाटेना.

तिने शाकीबला फोन केला. उद्या येतो, तो म्हणाला.

त्याच्याआधी वरूडचा फोन आला. संघाचं संगणकाचं काम पाहणारी दामिनी बोलत होती. ती ओरडली नाही, पण तिच्या बोलण्याला धार होती. यंत्र बिघडू शकतं, हे तिला मान्य होतं. पण बंद करायच्या आधी विचारलं का नाही? संत्र्याचं काम बिनमहत्त्वाचं, हे अकोल्यात बसून कुणी ठरवलं? प्रियदर्शनीने सांगितलं की ते तिनेच ठरवलं, आणि माहिती नसताना ठरवलं. मग दामिनीने एवढंच विचारलं की पुन्हा असं झालं तर काय करणार आहात. ते अजून ठरलेलं नाही, असं प्रियदर्शनीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी अहवालाचा विषय काढला. गिऱ्हाइकांना काहीतरी लेखी कळवायला हवं होतं. त्यांचं म्हणणं, वीज गेली एवढंच लिहावं. खोटं तर नाही. वीज गेली होतीच. ते कपटाने बोलत नव्हते. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता आणि सेंटर उघडून अजून सहा महिनेही झाले नव्हते. प्रियदर्शनीने शाकीब येईपर्यंत थांबायला सांगितलं.

शाकीब दुपारी आला तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता. अकोल्याला येताना वाटेत त्याने पुष्कळ विचार केला होता. नागपूरला असंच एक सेंटर होणार होतं आणि ते काम त्यांना मिळेल असं दिसत होतं. आपल्या आराखड्यात चूक होती हे कागदावर गेलं की ते काम संपलं, हे त्याने तिला सरळ सांगितलं. शिवाय चिलर बिघडलेली नव्हती. जनरेटरही बिघडलेला नव्हता. मग चूक कोणती लिहायची?

प्रियदर्शनीने वाद घातला नाही. आदल्या दिवशीच्याच वेळेला तिने जनरेटर सुरू करायला सांगितला, श्रावणला पत्रे आणि टँकर तयार ठेवायला सांगितले आणि शाकीबला घेऊन गच्चीवर गेली. वारा तसाच होता. शाकीबने खिशातून रुमाल काढून कठड्यापाशी धरला. तो वर उडाला आणि चिलरकडे ताणून राहिला. शाकीब तिथून हलला, दुसऱ्या चिलरपाशी गेला. रुमाल पुन्हा तसाच. मग तो जाळीसमोर हात धरून उभा राहिला आणि चटका बसला तरी बराच वेळ त्याने हात काढला नाही.

"दोन मशिनी नव्हत्याच ह्या," तो शेवटी म्हणाला. "एकच होती आपल्याजवळ. दोन डब्ब्यात ठेवली होती फक्त."

खाली येऊन दोघं सावलीत बसले. त्याने आठवून पाहिलं. जानेवारीत आपण चिलर तपासलं तेव्हा सरकारी वीज होती. जनरेटर तपासला तो सकाळी, आणि थंडीत वारा उत्तरेकडून होता. तिचा नकाशा बरोबर, त्याचा नकाशा बरोबर. एकावर दुसरा ठेवून, त्यावर मे महिन्याची दुपार ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. प्रियदर्शनी म्हणाली की जनरेटरची जागा तिची होती. तो म्हणाला की वाऱ्याचा अंदाज चिलर ठेवणाऱ्याने घ्यायचा असतो. थोडा वेळ दोघांनी एकमेकांच्या वाट्याचा दोष आपल्याकडे ओढून पाहिला, आणि मग दोघांनाही त्याचा कंटाळा आला.

"लिही तू सगळं," शाकीब म्हणाला. "अन् खाली दोघांचं नाव टाक."

"नागपूरचं काम?"

"तिथंबी मे महिना येतेच ना."

अहवाल गेला. महादेवरावांनी तो वाचून डोळे मिटून घेतले, पण सही केली. पुढे त्यांनीच एक गोष्ट केली जी प्रियदर्शनीला सुचली नव्हती: चारही गिऱ्हाइकांना अकोल्याला बोलावलं.

त्या बैठकीत सुरुवातीला जे व्हायचं तेच झालं. आमचं थांबून चालणार नाही, असं प्रत्येकाने सांगितलं. हॉस्पिटलांकडून आलेले डॉक्टर म्हणाले, रुग्णांच्या जिवाचा प्रश्न आहे. कॉलेजचे प्राध्यापक म्हणाले, मुलांच्या भवितव्याचा. रक्तपेढीच्या अलीझाने नुसती मान डोलावली. आपलं बोलून दाखवायची गरज नाही असं तिला वाटत असावं. महादेवराव पाणी विचारत फिरत होते. शाकीबने नवा आराखडा समजावून सांगितला आणि तरीही, कितीही केलं तरी, कधीतरी थोडं सोडावं लागण्याची वेळ येऊ शकते, हे लपवलं नाही.

तेव्हा प्रियदर्शनीने प्रश्न बदलला. तुमचं काम थांबलेलं चालेल का, असं विचारण्याऐवजी तिने विचारलं की कोणत्या वेळी थांबलं तर सगळ्यात कमी अडेल, आणि किती वेळ. मग दामिनी बोलली.

"मे महिन्यात दुपारी आमचं बंद राह्यलं तरी चालते," ती म्हणाली. "बागेले पानी आमी पहाटे सोडतो. शेकडो बागांच्या ठिबकच्या पाळ्या त्याच्यावर चालतात. पहाटे बंद पडलं तर फळ गळते. दुपारी काही नाही होत. मले आधी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, करा."

तिने ते प्रियदर्शनीकडे पाहूनच सांगितलं. त्यात टोमणा होता, पण आता तो फार टोचत नव्हता. आणि एकाने सोडल्यावर बाकीच्यांनाही आपापल्या घरात डोकावून पाहावंसं वाटलं. डॉक्टर थोडे विचारात पडले आणि म्हणाले, जुन्या स्कॅनच्या प्रतिमा अर्धा-पाऊण तास नाही दिसल्या तरी चालेल. आज दाखल झालेल्यांच्या मात्र हव्यात. दोन्ही एकाच रांगेत होत्या. त्या वेगळ्या करता येतील, श्रावण म्हणाला. प्राध्यापकांनी कबूल केलं की परीक्षा आणि निकालाचे आठवडे सोडले तर कॉलेज घटकाभर झोपलं तरी कुणाला कळणार नाही. सगळ्यात शेवटी अलीझाने सांगितलं की रक्तपेढीची नोंद एक क्षणही थांबता कामा नये, पण तिला यंत्रही छोटंसंच पुरतं. ते एकटं वेगळ्या खोलीत ठेवलं तर एका साध्या एसीवरही तगेल. हे ऐकून शाकीबने तिच्याकडे पाहिलं आणि नकाशा पुढे ओढला. एवढ्या महिन्यांत ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, कारण त्याने चारही रांगांना एकच खोली समजून गारवा दिला होता.

नवी रचना उन्हाळा संपायच्या आत उभी राहिली. जनरेटरची गरम हवा उंच धुराड्यासारख्या नळातून, चिलरांच्या पार वरून, वारा जाईल त्या बाजूला सोडली. एक चिलर गच्चीवरच राहिलं. दुसरं पूर्वेकडच्या सावलीत, जमिनीवर, मजुरांच्या घरांकडे जाणारा आवाज अडवणारी भिंत घालून, वेगळ्या विजेच्या पेटीवर गेलं. त्याच्या तोंडाशी शाकीबने कुलरला असतात तशा ओल्या ताट्या बसवल्या. कोरड्या हवेत त्या भर दुपारीही वारा गार करून देत. पहिल्याला मात्र त्या लावू दिल्या नाहीत, कारण मे महिन्यात पाणीही कधी तुटेल सांगता येत नाही. एकाचा आधार पाणी, तर दुसऱ्याचा पाणी नसावा. शिवाय गार पाण्याची एक मोठी टाकी बांधली. दोन्ही चिलर बंद पडली तरी तेवढं पाणी बॅटरीवरच्या पंपाने फिरत राहील आणि माणसांना विचार करायला वेळ मिळेल. त्या टाकीवर प्रियदर्शनीने सर्वांत जास्त आग्रह धरला होता. त्या दुपारी तिला यंत्राची उणीव कमी आणि वेळेची जास्त भासली होती.

मग जूनच्या सुरुवातीला, वारा अजून पश्चिमेचा होता तेव्हा, सगळ्यांना आधी सांगून भर दुपारी वीज तोडली. महादेवरावांनी स्वतः बटण दाबलं आणि लगेच खुर्चीत बसले. गच्चीवरचं चिलर चालत राहिलं. तेही मुद्दाम बंद केलं. पूर्वेचं सुरू झालं. तेही बंद केलं. टाकीतलं पाणी फिरू लागलं, वरूडची रांग ठरल्याप्रमाणे शांतपणे झोपली, आणि पारा जवळपास हलला नाही. एक झडप अडकली होती, ती श्रावणने हाताने उघडली आणि दुरुस्तीत लिहून घेतली. रक्तपेढीत अलीझाला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुम्ही सुरू केव्हा करणार आहात ते सांगा, मी वाट पाहते आहे. चाचणी संपून अर्धा तास झाला होता.

नागपूरचं काम त्यांना मिळालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. शाकीब परतवाड्याच्या एका दवाखान्याच्या कामाला लागला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात अकोल्याला खरोखरच पुन्हा वीज गेली, आणि एक चिलर दुरुस्तीसाठी उघडलेलं असताना गेली. प्रियदर्शनीला ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही वरूडहून. दामिनीचा फोन होता. आदल्या दुपारी आपली रांग पाऊण तास बंद होती, असं ती सांगत होती. प्रियदर्शनीने क्षमा मागायला तोंड उघडलं तर दामिनीने तिला थांबवलं.

"तक्रार नाही करून राहिली मी," ती म्हणाली. "आंबिया बहाराचा संत्रा आता महिन्याभरात निघते. मग लिलाव दुपारीच असते. तेव्हा पान्याची घाई नसते, पहाटे करा बंद, पन दुपारी नको. तेवढं बदलून घ्या."

प्रियदर्शनीने होकार दिला. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की वरूड दुपारी जागं राहणार असेल तर त्या वेळेला दुसऱ्या कुणाला तरी झोपावं लागेल, आणि कॉलेजच्या हिवाळी परीक्षाही तेव्हाच असतील. तिने शाकीबला हाक मारली. तो चहाचा कप घेऊन आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला की दर ऋतूला हे असंच विचारत बसावं लागणार. तिने मान हलवली आणि प्राध्यापकांचा नंबर लावला.